काहिलीत शिजलेली बोट

कोल्हापुरात मी आलो तो वाळूच्या ट्रकमधून. आमच्या तळकोकणातली पांढरी वाळू घाट चढून शिरोलीच्या फौंड्र्यांत जायची, ओतकामाच्या साच्यांसाठी. ट्रकचा ड्रायव्हर वडिलांच्या ओळखीचा. त्याने मला शामराव मिस्त्रींच्या शेडसमोर, वाळूच्याच एका ढिगाशेजारी उतरवलं आणि मिस्त्रींना ओरडून सांगितलं, "मिस्त्री, ह्यो पोरगा. कामाला घ्या. समुद्राकडचा हाय." आणि गेला. समुद्राकडचा! आमची वाडी डोंगरावर, खाली खाडी. समुद्र बघायचा तर आम्हालाही एसटीनं जावं लागायचं. पण घाटावरच्या माणसाला कोकण म्हणजे समुद्र, आणि समुद्राकडचा म्हणजे बोटीतला. हा हिशेब मिस्त्रींच्या डोक्यात त्या दिवशी जो बसला तो पुढं कुणालाच काढता आला नाही, मला तर नाहीच.

खरी गोष्ट अशी की मी शाळा सोडली तीच पाण्याच्या भीतीनं. आठवीपासूनची शाळा खाडीपलीकडं होती आणि जायला तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी. तरीत पोरं, म्हाताऱ्या, कोंबड्या, एखादी सायकल. पावसाळ्यात ती एका अंगावर अशी कलायची की पाणी आत येऊन पायांवरनं फिरायचं, आणि तरीवाला डब्यानं ते उपसत मजेत गप्पा मारायचा. मी रोज दप्तर घेऊन धक्क्यावर जायचो, होडी सुटलेली बघायचो आणि परत वाडी चढायचो. मास्तरांनी निरोप धाडला तेव्हा घरी कळलं. आईनं मारलं नाही. चुलीपुढं बसून म्हणाली, "पाण्याक भियतंस ना? मग डोंगराक जा." म्हणून मी सह्याद्री ओलांडून इकडं आलो, जिथं फौंड्री आहे, ऊस आहे, म्हशी आहेत, आणि बोट असायचं काही कारण नाही.

मिस्त्रींचं घर शेडपासून चालत जाण्याजोगं, गावातल्या बौद्धवस्तीत. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत माझं अंथरूण. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली बुद्धाची पितळी मूर्ती. ती मिस्त्रींनी स्वतः ओतली होती; एका बाजूनं साचा जरा सरकला आणि बुद्धाचा डावा कान लांब आला. "चांगलंय की," मिस्त्री म्हणायचे, "जरा जास्त ऐकू येईल." मिस्त्रींच्या बायकोला सगळी वस्ती आक्का म्हणायची, मीही म्हणायला लागलो. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी दळण घेऊन येतो, तंवर बस," आणि मी दाराकडं बघत बसलो की कोण येतोय आता. इथल्या बायका येतो-जातो म्हणतात हे समजायला मला दोन-तीन दिवस लागले. पहिलं वर्षभर माझं असंच चाललं होतं. मी ऐकायचो एक, घडायचं दुसरं, आणि मान मात्र डोलवायचो.

आक्कांच्या हातची ज्वारीची भाकरी मला पहिल्यांदा घशाखाली जाईना. भातावर वाढलेला माणूस मी. त्यांनी ते बघितलं, पण भात नाही केला. भाकरीवर ताक ओतून, वरनं लसणाचा खर्डा आणि कच्च्या तेलाची धार घालून पुढं ठेवलं आणि "चुर आन् खा" एवढंच म्हणाल्या. गारठा पडला की हुलग्याचं माडगं, गरम, वाटीला तोंड लावून. आणि दर बुधवारी सुकट. समुद्राकडच्या पोराला मासळीवाचून करमत नसणार म्हणून त्या बाजारातनं सुकट आणायच्या, कांद्यात परतायच्या, अख्ख्या गल्लीत वास जायचा, शेजारच्या बायका दारं लावून घ्यायच्या. मला सुकटीची फार आवड नव्हती. सांगायचं कसं? त्या समोर बसून, मी खातोय का बघत असायच्या. मी दोनदा मागून घ्यायचो. आज त्या नाहीत, आणि मी बुधवारी सुकट करायला लावतो. बायको विचारते आवडत नाही तर कशाला. मला नीट सांगता येत नाही.

शेडमध्ये मिस्त्री, मी आणि बाळू टर्नर. बाळू माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, लेथवर हात बसलेला, तोंड त्याहून सैल. आजूबाजूला फौंड्र्या, दिवसभर ब्लोअरची घरघर, ओतलेले जॉब साच्यातनं बाहेर आपटल्याचा दणदणाट. आमच्याकडं उसाच्या चरकाचे रूळ, विहिरीवरच्या मोटारींचे पंप, ट्रॅक्टरचे हब. सगळं लोखंडाचं आणि बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. मिस्त्रींना बीड कळायचं. नुसतं टिचकी मारून चीर कुठं गेलीय ते सांगायचे.

अशात मृगाच्या तोंडावर एक टेम्पो आला. त्यातनं दादू गुळवे उतरले. आडनाव नव्हे, गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा म्हणून गुळवे. साठीचे, काटक, भट्टीच्या धगीनं तोंड तांबूस झालेलं. त्यांचं गाव नदीपलीकडं, बंधाऱ्यावरनं रस्ता. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला की गाव तुटायचं. मग गावकरी गुळाची काहील पाण्यावर सोडायचे. काहील म्हणजे रस उकळायची लोखंडी कढई, पण एवढी मोठी की चार-पाच माणसं बसावीत. वल्ह्याच्या जागी फळी. ती सरळ जात नाही, गोल फिरत जाते. आदल्या पुरात दादूंच्या सुनेला, सुरेखाला, ताप भरला म्हणून मांडीवर बारकं लेकरू देऊन अशाच काहिलीतनं अलीकडं आणत होते. मध्यावर काहील गरगरली आणि वाहत जाऊन एका बाभळीला अडकली. सकाळपासून दिवे लागेपर्यंत ती बाई लेकरू घेऊन त्या काहिलीत बसून होती. वाचले सगळे. पण अलीकडं पाय लागल्यावर ती जी माहेरी गेली ती परत गेली नाही. "नीट होडी दिसल्याबिगर मी ती नदी उतरत न्हाय," म्हणाली. नवरा जाऊन-येऊन असायचा. दादू जात नव्हते.

"नातू उभा ऱ्हायला लागलाय म्हनं," ते टेम्पोच्या फाळक्याला टेकून मिस्त्रींना सांगत होते. "मी बघितल्याला न्हाय. कोणत्या तोंडानं जाऊ? न्यायला आलोय म्हनलं तर ती इचारणार, कशातनं?"

म्हणून त्यांनी गावाला भरीस पाडून गोव्याकडची एक जुनी बोट घ्यायला लावली होती, पर्यटकांना फिरवणारी. साध्या मोटरबोटीला खाली पातं असतं, ते पुरात बुडालेल्या उसात नाही तर कुंपणाच्या तारेत गुंततं. हिला बाहेर पातं नव्हतं. हिच्या पोटात एक पंप होता, खालून पाणी ओढायचा आणि मागच्या तोंडातनं जोरात फेकायचा. त्या रेट्यानं बोट पुढं. इंजिन चालू होतं. पंप मात्र जाम. तोच सोडवून टेम्पोत घातला होता.

आम्ही तो खाली घेतला आणि मी पहिल्यांदा ते प्रकरण बघितलं. उभं केलं तर माझ्या छातीला लागेल एवढं लांब, वाकडं, एखाद्या जनावराच्या घशासारखं. अंग ॲल्युमिनियमचं, आतला पंखा आणि दोन भाग जोडणारे बोल्ट स्टीलचे. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहून ॲल्युमिनियमला पांढरी बुरशी फुटली होती, आणि ती फुगून बोल्टांच्या भोवती अशी घट्ट बसली होती की बोल्ट त्यातनंच उगवलेत असं वाटावं. पंख्याला हात घालून हलवलं तर तसूभर हलेना.

"असला पंप पुन्यांदा मिळत न्हाय," दादू म्हणाले. "कंपनी बंद झाली म्हनं. तेवढं सांभाळून."

बाळूनं सांभाळलं. मोठा पाना लावला, पान्यावर पाइप चढवला, पाय रोवला आणि ओढलं. कट्. बोल्टाचं डोकं त्याच्या हातात. "गंजलंय लई," तो म्हणाला आणि दुसऱ्याला लावला. कट्. मिस्त्रींनी त्याच्या हातातनं पाना काढून घेतला आणि माझ्याकडं वळले.

"कोकण्या, तुमच्यात काय करत्यात रं अशा टायमाला?"

"मला माहीत नाही, मिस्त्री. मी बोटीत कधी बसलोच नाही."

"लाजतंय," मिस्त्री दादूंना म्हणाले.

"लाजत नाही, खरंच—"

"बरं, बरं. इचार कर. घाई न्हाय."

मी विचार करू लागलो. कशाचा, ते मला ठाऊक नव्हतं. रॉकेल सोडलं, डिझेल सोडलं, रात्रभर मुरवलं, सकाळी ठोकलं. काही नाही. रोज दादू यायचे, दारात पोत्यावर बसायचे, तंबाखू मळायचे आणि माझ्याकडं आशेनं बघायचे. मी हातोडी उचलली तरी त्यांना वाटायचं आता कोकणातला काही उपाय निघणार. मी घाबरून हातोडी खाली ठेवायचो. आणि मी ती खाली ठेवली म्हणजे त्यामागंही काही डोकं असणार, असं त्यांना वाटायचं.

मग मिस्त्री म्हणाले, तापवू. बिडात अडकलेला बोल्ट ते नेहमी असाच काढायचे. गॅसची ज्योत लावायची, लालसर झालं की सोडवायचं. पंपाच्या कडेला एक कान होता, बोल्ट जाण्यासाठी पुढं आलेला. त्याला ज्योत लावली. मिस्त्री लाल व्हायची वाट बघत होते. आम्ही सगळे बघत होतो. ते लाल होईना. पांढरंच. "अजून गार हाय," मिस्त्री म्हणाले आणि ज्योत जवळ नेली. आणि तो कान, पांढराच असताना, दह्यासारखा खाली बसला आणि जमिनीवर ठिबकला.

शेजारच्या फौंड्रीत जॉब आपटत होते. मिस्त्रींनी ज्योत बंद केली, हातमोजा काढला आणि त्या ठिपक्याकडं बघत उभे राहिले. तीस वर्षं बीड-लोखंड तापवण्यात गेलेला माणूस, आणि हा धातू सांगून वितळला नाही. दादू पोत्यावरनं उठले, बघून गेले, परत येऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "ऱ्हाऊ दे मिस्त्री. काहील हायच की." ते असं म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमजलं की हे काय चाललंय. तोपर्यंत तो माझ्या लेखी एक गंजका पंप होता. पाऊस तर रोज वाढत होता.

त्या आठवड्याची सुट्टी आली. एमआयडीसीची लाइट बंद, म्हणून आम्ही घरी. जेवायला बसलो तर आक्कांना पाण्याचे पेले मिळेनात. स्टीलचे दोन एकात एक घट्ट अडकलेले. त्यांनी ओढून बघितलं, उंबऱ्यावर आपटलं, मग माझ्याकडं टाकले. "बघ रं तुला निघतंय का."

आमच्याकडं भांडी कमी आणि ती सदा एकात एक कोंबलेली, त्यामुळं हे मला येत होतं. मी चुलीवरचं आधण एका वाडग्यात ओतलं, पेले त्यात उभे केले आणि वरच्या पेल्यात गार पाणी भरलं. बाहेरचा तापून फुगतो, आतला आकसतो. जरा वेळानं फिरवलं, सुटले. आक्कांनी पाणी भरून ताटापाशी ठेवले. मी भाकरी चुरायला लागलो. मान वर केली तर मिस्त्री घास हातात धरून माझ्याकडं बघत होते.

"आन् हे तू आधी सांगितलं न्हाईस?"

"काय?"

"बोटीचं."

"हे पेल्याचं आहे, मिस्त्री. आई करते."

"उकळत्या पाण्यात जर्मल वितळतंय का गं?" त्यांनी आक्कांना विचारलं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना इकडं जर्मलच म्हणतात.

"पाणी हाय तंवर कशाला वितळंल?" आक्का म्हणाल्या. "पाणी आटलं की बसतंय खाली. मागल्या दिवाळीला तुमीच न्हाय का पातेलं ठिवून गावात गेलतासा?"

मिस्त्रींनी घास खाल्ला, हात धुतला आणि दादूंकडं माणूस पाठवला. पंप लांब आणि वाकडा, बॅरलमध्ये बसेना. आणि एकसारखं, तासन्‌तास, सगळीकडनं उकळायला पाहिजे होतं. एवढं मोठं भांडं कुठं आहे ते कुणाला विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पंप घेऊन निघालो तेव्हा बंधारा अजून पाण्यावर होता, कडेकडेनं पाणी वाहत होतं. मी टेम्पोत डोळे मिटून तो ओलांडला. दादूंचं गुऱ्हाळ गावाबाहेर, हंगाम संपल्यानं सामसूम. काहील पालथी घातलेली. चार माणसांनी ती सुलटी करून चुलवाणावर बसवली. बाभळीला आपटल्याचा पोचा तिच्या कडेला तसाच होता. दादूंनी तिच्यावरनं हात फिरवला, मग तोंड फिरवलं आणि उसाची चिपाडं पेटवायला बसले. चिपाडं दमट, धूर डोळ्यांत. पाणी भरलं, पंप आत सोडला, आणि पाणी तापलं तसा त्यातनं गोड वास यायला लागला. काहिलीच्या अंगात मुरलेला गूळ. पाणी तांबूस झालं. वासानं निम्मं गाव गोळा झालं.

"दादू, आखाडात काय शिजतंय रं?"

"बोट."

"मीठ टाकलंस का?"

"ते घालूनच आणलीया."

"कोकणात असंच करत्यात व्हय, पावणं?" एकानं मला विचारलं.

"नाही हो. हे पेल्याचं—"

"असंच करत्यात," मिस्त्री मधेच म्हणाले. मी त्यांच्याकडं बघितलं. ते जाळाकडं बघत होते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की लोक शांत राहावेत म्हणून ते बोलले, हे मी पुढं कितीदा तरी विचारायचं ठरवलं. विचारलं नाही.

दुपार टळेपर्यंत उकळलं. मग बांबू घालून, ओली पोती गुंडाळून पंप बाहेर काढला, वाफाळता. दादूंनी गूळ ढवळायच्या लांब डावानं बोल्टाच्या डोक्यावर थोडं थोडं गार पाणी सोडलं, नेमकं तेवढ्यावरच. तो हात पाकाचा होता, सांडणारा नव्हता. बाळू पाना घेऊन पुढं झाला.

"तू न्हवं," मिस्त्री म्हणाले. "कोकण्या, धर."

"मिस्त्री, मोडला तर?"

"म्हणूनच धर. बाळूला वाटतंय मोडणार न्हाय." पाना त्यांनी माझ्या हातात दिला, पाइपविना. "ऐक. सोडवायचा म्हणून लगेच उलटा फिरवायचा न्हाय. आधी जरा आवळायचा. केसभर. त्येला वाटलं पाहिजे आपण त्येच्याच बाजूचं. मग सोडायचा. घट्ट धर, पर जोर लावू नगंस."

घट्ट धर पण जोर लावू नको. हे कसं करतात, मला काही समजेना. माझे हात कापत होते, आणि बहुतेक त्यामुळंच तो पाना हलका हलका मागंपुढं होत राहिला. केसभर आवळला. मग उलटा. काही नाही. परत आवळला. परत उलटा. आणि कर्रर्र असा कोरडा आवाज आला. मी पाना टाकून दिला. मोडला. गेलं सगळं.

"काय झालं?" मिस्त्री ओरडले.

"मोडला!"

"आरं, मोडला की कट् म्हणतोय! ह्यो बोललाय! उचल पाना!"

मी उचलला. बोल्टाच्या बुडातनं पिठासारखी पांढरी भुकटी बाहेर येत होती. आवळायचं, सोडायचं, आवळायचं, सोडायचं. तो निघाला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसरा बोल्ट असाच निघाला. बाकीच्यांसाठी परत उकळावं लागलं. मग दोन भाग फाकले आणि आतला पंखा दिसला, पांढऱ्या चिखलात रुतलेला. त्याच्यासाठी परत जाळ, आणि दादू आतनं गार पाणी सोडतायत, मी लाकडी मोगरीनं एकदा इकडनं एकदा तिकडनं टकटक करतोय, मिस्त्री कान लावून बसलेत. टकटक बदलली तेव्हा ती मलाही ऐकू आली. आधी भरल्या घागरीसारखी होती, मग रिकाम्या. पंखा माझ्या मांडीवर आला, गरम, गुळाच्या वासाचा.

पुढचं काम शेडमध्ये झालं. मोडलेल्या बोल्टांच्या बुंध्यांवर नट वेल्डिंगनं चिकटवून ते फिरवून काढले, वितळलेला कान भरून आणला. मिस्त्रींनी तो मुद्दाम जरा जास्त भरला. "लांब कानाचं टिकतंय," म्हणाले. नवे बोल्ट मी ग्रीस लावून बसवले. आवळतानाही मिस्त्री बाजूला उभे होते, पण पान्याला हात लावला नाही.

बोट पाण्यात घातली तोवर बंधारा बुडाला होता. पंचगंगा लालभडक, पात्रातच पण काठोकाठ. आम्ही अलीकडच्या काठावर, पाऊस थांबलेला. दादू पहिल्याच फेरीला पलीकडं गेले आणि तिकडंच उभे राहिले. त्यांचा मुलगा बोट परत घेऊन आला. मागच्या तोंडातनं पाण्याचा फवारा कमानीसारखा उडत होता, आणि काठावरची माणसं फटाके बघावेत तशी बघत होती. सुरेखा भावाबरोबर आली होती, कडेवर लेकरू. तिनं बोट बघितली, नवऱ्याकडं बघितलं, बसली नाही.

"कुणी केलीया ही नीट?" तिनं मिस्त्रींना विचारलं.

मिस्त्रींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ह्येनं. समुद्राकडचा हाय."

"त्यो बसणार का?"

"त्येला काय हुतंय? त्येच्या हिशेबी ही नदी म्हंजे बारका वढा."

"मग त्येला बसू दे. त्यो बसला की मी बसतो."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तिच्याजवळ गेलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. हळूच म्हणालो, "वहिनी, मला पोहता येत नाही. तरीला भिऊन मी शाळा सोडलीय."

ती माझ्याकडं बघत राहिली. "खरं?"

"खरं."

"मग बसतोयस कशाला?"

बसतोय असं मी म्हणालो नव्हतो. पण तिनं विचारलं तेव्हा ते ठरून गेलं. का, ते आजही मला सांगता येणार नाही. आक्कांची सुकट मी का मागून घ्यायचो तेही मला कुठं सांगता येतं. मी म्हणालो, "बोल्ट मीच आवळलेत."

तिनं पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि कडेवरचं लेकरू माझ्याकडं दिलं. "धर मग. मला दोनी हात लागत्यात. घट्ट धर, पर जोर लावू नगंस, रडतंय."

बोटीत मी पंपाच्या बाजूला बसलो, लेकरू पोटाशी. ती माझ्यासमोर, दोन्ही हातांनी कडा धरून, डोळे मिटलेले. बोट कलली. आमच्या तरीसारखीच कलली. पाणी मी बघितलंच नाही. मी लांब कानाच्या त्या बोल्टाकडं बघत होतो आणि आवाज ऐकत होतो, चांगला आवाज आहे की वाईट, मला काही कळत नव्हतं. लेकरानं माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरलं होतं आणि ते अजिबात घाबरलेलं नव्हतं.

पलीकडं दादू गुडघाभर पाण्यात उभे होते. बोट टेकली, सुरेखा उतरली, वाकून सासऱ्याच्या पाया पडली. दादूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्यापुढं हात पसरले. मी लेकरू पुढं केलं. पण माझी बोटं सुटेनात. मला द्यायचं होतं, मी देत होतो, आणि हात तसेच घट्ट.

"सोड की, पावणं," दादू म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "जाम झालास व्हय?"

मी लेकराला आधी केसभर जवळ ओढलं. मग सोडलं.